तळ नसलेली टाकी

दूधसंघ बंद पडला त्या वर्षी
ही टाकी मी भंगाराच्या भावात घेतली.
स्टेनलेस, तीन मिलिमीटर,
कुशीवर अजून पुसट अक्षरं : दोन हजार लिटर.
हीयुमा बेटावर कुणी विचारलं नाही, कशाला.
इथे कुणी काही विचारत नाही,
नोव्हेंबर लागला की तर मुळीच नाही.

तळ मी स्वतः कापला.
एकतीस वर्षं असल्याच टाक्यांच्या गळत्या बुजवल्या,
आता मुद्दाम एवढं मोठं भोक पाडताना
ठिणगी दोनदा विझली.

बादलीत पेला उपडा दाबून बघा,
आत कोंबलेला कागद कोरडाच राहतो.
तसं बसायचं दोघांनी, कागदासारखं,
पायाखाली पाणी, मध्ये दार नाही, कडी नाही.
बाहेर जेवढा दाब तेवढाच आत,
म्हणून पत्रा पातळ चालतो,
त्याला कुणाशी झुंजायचं नसतं.
झुंज सगळी वजनाशी.
हवा हट्टी; एवढी हवा खाली न्यायची
तर दोन टन तिच्या पायात बांधावे लागतात.

वहीत बेरीज मांडली :
ट्रॅक्टरच्या नाकावरची वजनं, आठ.
धक्क्यावरची गंजकी साखळी.
काँक्रीटचे ठोकळे, ओतले तसे वेडेवाकडे.
मी, अडुसष्ट, बुटांसकट.
दुसरी खुर्ची :
पुढे कोरी जागा.

प्रीडूला अकरा वर्षं मी हाक मारली नव्हती.
आईचं रान त्याने विकलं,
की मी गप्प राहून विकू दिलं,
त्याचा हिशेब दोन घरांत दोन तऱ्हांनी लागतो.
कार्डावर एकच ओळ लिहिली :
तुझं वजन किती?
तिसऱ्या दिवशी फाटकापाशी पोतं.
जाळ्यांची जुनी शिशाची मणी, मूठमूठभर गाठी मारलेली,
वर चिठ्ठी : ९४.
आणि खाली, बारीक अक्षरात :
हिवाळ्यात ९७.

चुनखडीच्या जुन्या खाणीत पाणी काचेसारखं.
उतरताना दोघांनी नाकं चिमटून कान मोकळे केले,
पाणी घोट्याशी आलं की मी सिलिंडरचा कान पिळायची,
ते पुन्हा काठाखाली सरकायचं, शहाण्यासारखं.
नऊ मीटर.
खाली एक ज्युनिपरचं झुडूप,
खाणीत पाणी भरलं तेव्हापासून तसंच उभं.
एक पर्च मासा भोकाशी येऊन
प्रीडूचे मोजे बघत राहिला.
प्रीडूनेही त्याला बघितलं. बस.
वीस मिनिटं आम्ही एवढंच केलं.

वर येतानाचा नियम मी काठावरच सांगितला होता :
श्वास कोंडायचा नाही. छातीतली हवा फुगते,
फुप्फुस फाटतं.
बोलत राहायचं, काहीही.
आणि हे कुणाला सांगत होते मी!
स्वतःच्या लग्नात ज्याला 'हो' म्हणायला
पाद्र्याने दोनदा विचारलं, त्याला.

हँडल ओढलं. साखळी सुटली.
दाब उतरला तशी टाकीत धुकं दाटलं,
इतकं, की शेजारची खुर्ची दिसेना.
तळातून बुडबुडे धबाबा पळत होते
आणि मी कसले तरी व्हॉल्व्हचे नंबर बडबडत होते,
एवढ्यात धुक्यातून आवाज :
मुस्तिक.
पुनिक.
मासिक.
किर्याक.
आईच्या गोठ्यातल्या गाई,
दाव्यांच्या क्रमाने, दारापासून.
पाचव्या दाव्याशी तो अडला.
ऐकू येईना काही.

'लेहिक,' मी ओरडले, 'लेहिक, बोल!'
'तिची बादली,' तो म्हणाला,
'लाथ मारून पाडायची ती,
आणि मार मला बसायचा.'
'मला,' मी म्हटलं, 'मला बसायचा,'
आणि भांडत भांडतच
टाकीचं डोकं उन्हात निघालं.

रात्री वहीत टिपलं :
काचेला आतून साबण चोळणे.
दुसऱ्या खुर्चीची पाठ दोन बोटं मागे.
हिवाळ्याला शिसं तीन किलो कमी.